सेंप्रे द्रित्तो : रस्ता विचारत इटलीतले आठ दिवस

पहिला दिवस : रोम

निघण्यापूर्वी सहा आठवडे मी रोज संध्याकाळी तासभर इटालियन शिकत होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक वेळ एकाच प्रश्नावर गेला होता. ‘दोव्हे’ म्हणजे ‘कुठे आहे’. ‘दोवे’ म्हणजे कुठे आणि ‘ए’ म्हणजे आहे. दोन्ही शब्द जोडले की आघात शेवटच्या अक्षरावर येतो, आणि एकाहून अधिक वस्तूंविषयी विचारायचे असेल तर ‘दोवे सोनो’ म्हणायचे असते. उच्चाराच्या बाबतीत मराठी माणसाला फारसे कष्ट पडत नाहीत. इटालियनमधील त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, आणि इंग्रजी भाषकांना ज्यासाठी घाम गाळावा लागतो ती दुहेरी व्यंजने आपल्या तोंडी ‘पत्ता’ आणि ‘अण्णा’ म्हणण्याइतकी रुळलेली आहेत. माझ्याबरोबर आलेल्या थोरल्या बहिणीने, म्हणजे कोल्हापूरच्या ताईने, मुंबईच्या विमानतळावर बसल्या बसल्या तो प्रश्न तीनदा म्हणून पाहिला आणि “हे तर येतंय की गं,” असा निकाल दिला.

फोनमधील नकाशा अगदी नाइलाज झाल्याखेरीज उघडायचा नाही, असा नियम मी घालून घेतला होता. नकाशा हाताशी असला की माणूस तोंड उघडत नाही, हे मला स्वतःविषयी चांगले ठाऊक आहे. ताईला हा नियम पसंत नव्हता, आणि पुढे घडले ते पाहता तिचे फारसे चुकले नव्हते.

फ्यूमिचीनो विमानतळावरून तेर्मिनी स्थानकाकडे जाणारी थेट गाडी शोधण्यासाठी कोणालाही काही विचारावे लागले नाही, कारण पाट्या इंग्रजीतही होत्या आणि गाडी बत्तीस मिनिटांत शहरात पोहोचली. पहिला खरा प्रश्न तेर्मिनीबाहेरच्या वृत्तपत्रांच्या टपरीपाशी विचारला. टपरीतले गृहस्थ सत्तरीचे असतील. मी घाईत त्यांना ‘स्कूझा’ म्हणून हाक मारली, आणि शब्द तोंडातून निसटताक्षणीच चूक लक्षात आली. ‘स्कूझा’ म्हणजे आपले ‘अरे’. अनोळखी वडीलधाऱ्या माणसाला ‘स्कूझी’, म्हणजे ‘अहो’, म्हणावे लागते. त्यांनी राग मानला नाही, पण उत्तर स्वच्छ इंग्रजीत दिले, आणि सहा आठवड्यांच्या अभ्यासाचा पहिला सामना मी असा हरले. तेर्मिनीच्या आसपास हे जवळपास सगळ्यांच्याच वाट्याला येते, कारण तिथल्या लोकांना दिवसभर परदेशी प्रवाशांनाच उत्तरे द्यावी लागतात.

आमच्या मुक्कामाच्या पत्त्यात रस्त्याच्या नावानंतर ‘स्काला बी, तेर्झो प्यानो, इंतेर्नो ९’ असे लिहिले होते. ‘स्काला’ म्हणजे जिना, हे मला माहीत होते. जुन्या इमारतींना दोन-तीन जिने असतात आणि ब जिन्याने वर जायचे, एवढा बोध झाला. ‘तेर्झो प्यानो’ म्हणजे तिसरा मजला. इटलीत तळमजल्याला ‘प्यानो तेर्रा’ म्हणतात आणि मोजणी त्याच्या वरून सुरू होते, तेव्हा त्यांचा तिसरा मजला तो आपलाही तिसराच. घोटाळा ‘इंतेर्नो’ने केला. त्याचा अर्थ ‘आतला’ असा पाठ केलेला असल्यामुळे मी आतल्या चौकात जाऊन नऊ क्रमांकाचे दार शोधू लागले, आणि सामानासह दहा मिनिटे तिथे काढल्यावर एका रहिवाशाने घंटांच्या पाटीकडे बोट दाखवले. रोमच्या पत्त्यात ‘इंतेर्नो’ म्हणजे सदनिकेचा क्रमांक असतो.

दुसरा दिवस : रोम

सकाळी एका छोट्या कॉफीच्या दुकानात ताईने आपला पहिला इटालियन प्रश्न विचारला, आणि तो होता ‘स्कूझी, दोव्हे इल बान्यो?’ स्वच्छतागृहाविषयीच्या या प्रश्नाचे उत्तर देशभर बहुधा एकच असते, असे मला आठ दिवसांनंतर वाटू लागले आहे : ‘इन फोंदो आ देस्त्रा’, म्हणजे शेवटपर्यंत जा आणि उजवीकडे. ‘देस्त्रा’ म्हणजे उजवे आणि ‘सिनिस्त्रा’ म्हणजे डावे. माझ्या डोक्यात हे दोन शब्द सतत एकमेकांची जागा घेत असत, पण ‘देस्त्रा’ ज्या लॅटिन शब्दापासून आला तो आणि संस्कृतातील ‘दक्षिण’ ही एकाच मुळाची रूपे आहेत, असे मी सांगितल्यावर ताई म्हणाली, “म्हणजे प्रदक्षिणा घालताना देव ज्या हाताला असतो, ती देस्त्रा.” त्यानंतर ती एकदाही चुकली नाही. मी मात्र दोनदा चुकले.

दुपारपर्यंत नव्या बुटांनी ताईच्या टाचेला फोड आला आणि औषधाचे दुकान शोधण्याची वेळ आली. इथे मला अभ्यासातील एक दुर्लक्षित धडा आठवला. ‘दोव्हे’ हा प्रश्न ठरावीक गोष्टीसाठी आहे : हे स्थानक कुठे आहे, ते चर्च कुठे आहे. कोणतेही एखादे दुकान चालणार असेल तर ‘चे’ने सुरुवात करायची असते : ‘चे ऊना फार्माचीआ क्वी व्हिचीनो?’ आपणही ‘औषधाचे दुकान कुठे आहे?’ असे म्हणण्याऐवजी ‘इथे जवळपास औषधाचे दुकान आहे का?’ असेच विचारतो. फरक इतकाच, की मराठीत हे न शिकवता येते.

प्रश्न उत्तम उतरला, आणि तोच माझ्या संकटाचा आरंभ ठरला. समोरच्या बाईंना वाटले, हिला भाषा येते. त्यांनी एका दमात जे सांगितले त्यातून मला ‘सेमाफोरो’ (वाहतुकीचा दिवा) आणि ‘देस्त्रा’ एवढेच दोन शब्द हाती लागले, आणि मधली सगळी क्रियापदे वाहून गेली. त्याचे कारण मला रात्री वही उघडल्यावर कळले. मी ‘व्हाय’ (जा) आणि ‘जिरा’ (वळ) ही अरे-तुरेची रूपे पाठ केली होती, आणि त्या बाई मला ‘व्हादा’ आणि ‘जिरी’ अशी आदरार्थी रूपे वापरत होत्या. मराठीत ‘वळ’चे ‘वळा’ होते तेव्हा शब्द ओळखीचा राहतो. इटालियनमध्ये शेवटचा स्वर बदलतो आणि ‘जा’चे तर अंगच पालटते, शिवाय आदराने बोलताना समोरच्या पुरुषालाही ज्या सर्वनामाने संबोधतात त्याचा मूळ अर्थ ‘ती’ असा आहे. म्हणजे मी ‘अहो’ने सुरुवात केली की उत्तर ‘तुम्ही’मध्ये येणार, आणि मी शिकले होते ते सारे ‘तू’मध्ये. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांनी हा क्रम का उलटा ठेवला असावा, याचे मला अजून नवल वाटते, कारण अनोळखी माणसाखेरीज रस्ता विचारायचा तरी कोणाला?

मी ‘प्यु प्यानो, पेर फाव्होरे’ अशी विनंती केली. ‘प्यानो’ म्हणजे काल मजला होता, आज त्याचाच अर्थ ‘हळू’ असा होता. ताईने शेजारून विचारले, “औषधाचं दुकान मजल्यावर आहे का?” बाई हसल्या, थांबल्या, आणि या वेळी हाताने दिवा, वळण आणि हिरवा क्रूस अशी तीन चित्रे हवेत काढली. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रूस असतो, आणि तो दिसल्यावर पुढे काही विचारावे लागले नाही. मलमपट्टीला ‘चेरोत्ती’ म्हणतात.

संध्याकाळी पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर शोधले. तिथवर आम्ही अगदी जवळ पोहोचलो होतो, पण जुन्या रोमच्या गल्ल्या अशा आहेत की प्रचंड वास्तूही शेवटच्या कोपऱ्यापर्यंत दिसत नाही. बाकावर बसलेल्या एका वृद्धाला विचारले, तर तो मान न वळवताच म्हणाला, ‘क्वी द्येत्रो’, म्हणजे ‘हे काय, इथे मागेच’. पुण्यातल्या पेठांत पत्ता विचारणाऱ्याला हाच सूर ऐकू येतो, आणि तिथे ‘मागेच’ म्हणजे अर्धा किलोमीटर निघू शकतो. इथे मात्र ते खरोखरच मागे होते. दर्शनी भागावरील लॅटिन लेखात मार्कुस आग्रिप्पाने तिसऱ्यांदा कॉन्सल (प्राचीन रोममधील एक सर्वोच्च पदाधिकारी) असताना ही वास्तू उभारल्याचे कोरलेले आहे. आजची इमारत त्याच्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी सम्राट हेड्रियनच्या काळात बांधली गेली, तरी लेख त्याच्याच नावाचा ठेवला गेला. त्या ओळीतील ‘तेर्तिउम’ हा शब्द मी ओळखला, कारण सकाळपासून आम्ही ‘तेर्झो प्यानो’वर जिने चढत होतो. तृतीय, तिसरा, तेर्तिउम, तेर्झो. ४३ मीटर व्यासाच्या त्या घुमटाखाली उभी असताना मला सर्वांत जास्त आनंद या एका शब्दाचा झाला, हे कबूल करायला थोडा संकोच वाटतो.

तिसरा दिवस : रोम

कोलोसियम कुठे आहे, हे विचारावे लागत नाही. मेट्रोच्या ‘कोलोस्सेओ’ स्थानकातून बाहेर पडले की ते समोर उभे असते. आजचा दिवस त्यामुळे भाषेच्या दृष्टीने वाया गेला. बसची तिकिटे मात्र तंबाखूच्या दुकानात मिळतात, हे नवे कळले. गडद पाटीवर मोठे पांढरे ‘टी’ अक्षर दिसले की ते दुकान ओळखावे, आणि त्याचे नाव ‘ताबाक्केरीआ’ आहे, ‘ताबाच्चेरीआ’ नव्हे. ‘सी’नंतर ‘एच’ आला की क, नुसता ‘सी’ आणि पुढे ए किंवा इ आले की च. इंग्रजीच्या सवयीने हे नेमके उलटे वाचले जाते.

चौथा दिवस : फ्लॉरेन्स

तेर्मिनीवर गाडी कोणत्या फलाटावरून सुटणार, हे फलकावर सुटण्याच्या थोडाच वेळ आधी झळकते. फलाटाला ‘बिनारिओ’ म्हणतात आणि शहराचे नाव फलकावर ‘फिरेंझे’ असे येते, म्हणून फ्लॉरेन्स शोधणाऱ्या प्रवाशाने आधी नावापासून सुरुवात करावी. दीड तासात आम्ही सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकावर उतरलो.

आज प्रमाण मानली जाणारी इटालियन मुख्यतः याच शहराच्या जुन्या बोलीवर उभी आहे, म्हणून इथे तरी सर्व काही पुस्तकाप्रमाणे ऐकू येईल, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात इथली माणसे दोन स्वरांमधला ‘क’ इतका पातळ करतात की त्याचा ‘ह’ होतो. ‘ला काझा’, म्हणजे घर, हे ‘ला हाझा’ असे कानावर येते. माझ्या वहीतील शब्द वहीतच राहिले.

मुक्कामाच्या मालकीणबाईंनी कपडे धुण्याच्या दुकानाचा पत्ता सांगितला : रस्त्याचे नाव आणि पुढे ‘त्रेंतूनो रोस्सो’, एकतीस लाल. लाल रंगाची इमारत असेल, असे समजून आम्ही मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन निघालो. एकतीस क्रमांक लवकरच सापडला, निळ्या आकड्यांत, एका बंद लाकडी दारावर. इमारत पिवळी होती. रंग उडाला असेल, असा तर्क करून मी घंटा वाजवली आणि दारावरच्या यंत्रातून आलेल्या आवाजाला ‘ला लाव्हांदेरीआ?’ असे विचारले. पलीकडून एका बाईंनी, हा प्रश्न आपल्याला आयुष्यात शंभरदा विचारला गेला आहे अशा स्वरात, ‘इल रोस्सो! इल रोस्सो!’ एवढेच सांगून बोलणे संपवले.

फ्लॉरेन्समध्ये घरांना एक क्रमांकमाला असते आणि दुकाने व कामाच्या जागांना दुसरी. घरांचे आकडे निळे किंवा काळे, दुकानांचे लाल. दोन्ही मालिका एकाच रस्त्यावर स्वतंत्रपणे चालतात, त्यामुळे निळा एकतीस आणि लाल एकतीस यांच्यात बरेच अंतर पडू शकते. आमचे दुकान आणखी बरेच पुढे निघाले, लहानशा लाल आकड्याखाली. ही व्यवस्था मला प्रथम वेडगळ वाटली. पण आपल्याकडे सर्वे नंबर, प्लॉट नंबर आणि सोसायटीतला घर क्रमांक हे तिन्ही एकाच पत्त्यात नांदतात आणि अखेरीस ‘मारुतीच्या देवळामागे’ असे लिहावे लागते, हे ताईने लक्षात आणून दिल्यावर मी तक्रार मागे घेतली.

पाचवा दिवस : फ्लॉरेन्स

इथे मी माझा प्रश्न बदलला. पहिल्या चार दिवसांत ध्यानात आले होते की अडचण विचारण्यात नाही, ऐकण्यात आहे. ‘दोव्हे’ हा मोकळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर समोरचा माणूस त्याला हवे तितके लांबवू शकतो. त्याऐवजी मी हात एका दिशेला करून ‘ए दि क्वा?’ आणि दुसऱ्या दिशेला करून ‘ओ दि ला?’ असे विचारू लागले : इकडून, की तिकडून? आता उत्तर दोन शब्दांत येऊ लागले, आणि एवढे मला झेपत होते. मग पुढच्या कोपऱ्यावर नवा माणूस आणि पुन्हा तोच प्रश्न. उभ्या आयुष्यात इतक्या अनोळखी लोकांशी मी एका दिवसात बोलले नव्हते.

‘क्वी’ आणि ‘क्वा’ यांतला फरक पुस्तकात वाचताना कळला नव्हता. पहिला नेमक्या जागेसाठी आणि दुसरा सैलसर परिसरासाठी, असे व्याकरण सांगते. ताईने क्षणभर विचार करून विचारले, “म्हणजे इथे आणि इकडे?” तसेच पलीकडच्यासाठी ‘ली’ आणि ‘ला’, तिथे आणि तिकडे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला या जोड्या पाठ कराव्या लागतात. आम्ही त्या मराठीतून शिकलो असतो तर हे पान दोन मिनिटांत उलटले असते. आर्नो नदीच्या दक्षिणेकडील भागाला इथले लोक ‘दि ला दार्नो’ म्हणतात, म्हणजे नदीपलीकडचा. दुपारी पोंते व्हेक्यो या १३४५ सालच्या पुलावरून आम्ही त्या पलीकडे गेलो, आणि परतताना विचारणा केली तेव्हा तिथल्या एका सुताराने ‘दि क्वा’ आणि ‘दि ला’ यांचा अर्थ त्याच्या बाजूने लावून आम्हाला उलट दिशेला धाडले. चूक त्याची नव्हती. मी हात दाखवायला विसरले होते.

सहावा दिवस : व्हेनिस

व्हेनिसमध्ये पत्त्याला रस्ता नसतो. शहराचे सहा विभाग आहेत, त्यांना ‘सेस्तिएरी’ म्हणतात, आणि घरांचे क्रमांक विभागवार दिलेले असल्यामुळे ते हजारांच्या घरात जातात. आमच्या कागदावर ‘सान पोलो’ हे विभागाचे नाव आणि पुढे चार आकडी संख्या, एवढेच होते. एका दारावरचा क्रमांक आमच्यापेक्षा सातने कमी होता, म्हणून आम्ही हुरळलो, आणि गल्ली वळताच आकड्यांनी भलतीच उडी मारली.

शब्दही इथे निराळे आहेत. गल्लीला ‘काल्ले’ म्हणतात. चौकाला ‘कांपो’ म्हणजे शेत म्हणतात, आणि ‘प्यात्सा’ हा मान फक्त सान मार्कोच्या चौकाला आहे. कालव्याच्या कडेच्या वाटेला ‘फोंदामेंता’ आणि इमारतीच्या पोटातून जाणाऱ्या बोळाला ‘सोतोपोर्तेगो’. ही नावे भिंतीवर पांढऱ्या चौकोनात काळ्या अक्षरांनी रंगवलेली असतात, आणि त्या चौकोनांना ‘नित्सिओलेती’, म्हणजे छोट्या चादरी, असे नाव आहे. दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखे ते खरोखर दिसतात.

खरेदीची चाकांची पिशवी ओढत चाललेल्या एका आजींना आम्ही कागद दाखवला. त्यांनी तो दूर धरून वाचला आणि म्हणाल्या, ‘सेंप्रे द्रित्तो’, सरळ जात राहा. आम्ही सरळ निघालो. वीस पावलांवर गल्ली डावीकडे वळली, मग उजवीकडे, मग एका कांपोत तिला तीन फाटे फुटले, आणि जो फाटा सर्वांत सरळ वाटला त्याने आम्हाला चार पायऱ्या उतरवून थेट हिरव्या पाण्याशी आणून सोडले. पुढे वाट नव्हती. व्हेनिसमध्ये ‘सेंप्रे द्रित्तो’ याचा अर्थ मुख्य प्रवाहाबरोबर चालत राहा, फाटा फोडू नका, एवढाच असतो, हे कळायला आणखी एक दिवस जावा लागला. त्या संध्याकाळी नियम मोडून मी फोन काढला. ताईने काही म्हटले नाही. ती फक्त पायरीवर बसून बूट काढत होती.

सातवा दिवस : व्हेनिस

सकाळी पिवळ्या पाट्यांचा माग काढत रिआल्तोपर्यंत गेलो. ‘पेर रिआल्तो’, ‘पेर सान मार्को’ अशा बाण असलेल्या पाट्या कोपऱ्याकोपऱ्यांवर आहेत. दुपारी उद्याच्या गाडीसाठी स्थानकाची वाट पाहून ठेवावी म्हणून मी ‘स्तात्सिओने’ असे लिहिलेली पाटी शोधत राहिले आणि ती कुठेच मिळेना. तासाभराने ध्यानात आले की आम्ही ज्या पाटीखालून तीनदा गेलो होतो, तिच्यावर ‘आल्ला फेर्रोव्हीआ’ असे लिहिले होते. ‘फेर्रोव्हीआ’ म्हणजे लोहमार्ग. मराठी भाषकाला हा शब्द कळायला काहीच अडचण नव्हती. मी तो वाचलाच नव्हता.

मध्ये एकदा पूर्ण भरकटलो तेव्हा एका दुकानदाराला मी ‘मी सोनो पेर्सा’ असे सांगितले. वाक्याची सुरुवात ‘मी’ने होते, म्हणून ते मला लगेच पाठ झाले होते, ‘मी चुकले’ असाच त्याचा अर्थ. पुरुष असता तर ‘पेर्सो’ म्हणाला असता, जसे आपण ‘चुकलो’ म्हणतो. ताईला मात्र आम्ही दोघीही चुकल्याचे सांगायचे होते, आणि त्याला ‘ची स्यामो पेर्से’ म्हणतात, कारण दोन्ही बायका. एकही पुरुष बरोबर असता तर ‘पेर्सी’ म्हणावे लागले असते. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ही भानगड मिटते, ‘आम्ही चुकलो’ असे बायकाही म्हणतात आणि पुरुषही. दुकानदाराने आमचे व्याकरण ऐकून घेतले आणि बोटावर मोजून सांगितले, ‘दूए पोंती’, दोन पूल. पुलानंतर काय, असे विचारल्यावर ‘जू दाल पोंते, आ सिनिस्त्रा’ : पुलावरून खाली उतरलात की डावीकडे. या शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि इथली माणसे रस्त्यांची नावे न घेता पूल मोजतात, हे तेव्हा उमगले. ‘पोंते’ या शब्दाचे मूळ आपल्या ‘पंथ’शी जोडलेले आहे, आणि चढून उतरण्याखेरीज जिथे वाटच नाही तिथे ते नाते मला अगदी रास्त वाटले.

आठवा दिवस : व्हेनिसहून परत

पहाटे गल्ल्यांत कोणी नव्हते. खिडकीत झाडांना पाणी घालणाऱ्या एका बाईंना मी खालून ‘स्कूझी’ म्हणून हाक मारली आणि विचारले, ‘पेर ला फेर्रोव्हीआ, क्वांती पोंती?’ स्थानकासाठी किती पूल? त्यांनी तीन बोटे दाखवली, तिसरा पूल ‘ग्रांदे’ असल्याचे सांगितले, आणि त्यावरून उतरल्यावर डावीकडे, असे हातानेच दाखवले. ताईने पहिला पूल मोजला, मी दुसरा. तिसरा स्काल्झींचा उंच दगडी पूल होता; त्याच्या पायऱ्यांवरून दोन पेट्या चढवताना आम्ही दोनदा थांबलो. खाली उतरताच डाव्या हाताला स्थानक होते. आत गेल्यावर ताई थेट गणवेशातल्या माणसाकडे गेली आणि मला न विचारता म्हणाली, ‘स्कूझी, मिलानो, बिनारिओ?’ त्याने ‘ओत्तो’ असे उत्तर दिले. आठ. हा आकडा तिला समजावून सांगावा लागला नाही.